बाजू बदलली की चिन्ह का बदलते? भास्कराचार्यांची साक्ष काढून एका घोकंपट्टीविरुद्ध

#धागा #गणिताचाइतिहास

१/
“बाजू बदलली की चिन्ह बदलते.” मराठी शाळेतून आठवी ओलांडलेल्या बहुतेकांच्या कानांवर हे वाक्य पडलेले असते. अधिक पलीकडे गेला की उणे होतो, भागाकार पलीकडे गेला की गुणाकार होतो. का होतो, असे विचारले तर ‘तसा नियम आहे’ एवढ्यावर बोळवण होते. हा धागा त्या बोळवणीविरुद्ध आहे. ज्या भास्कराचार्यांचे नाव आपण अभिमानाने मिरवतो, त्यांचीच साक्ष मी येथे काढणार आहे.

२/
आरंभ एका गावापासून करू. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या सीमेलगतच्या डोंगराळ मुलखात हरसूल हे बाजारगाव आहे. आसपासची वस्ती प्रामुख्याने कोकणा, वारली आणि महादेव कोळी समाजांची. या रानांत कुडा उगवतो. उन्हाळ्यात तो पांढऱ्या फुलांनी डवरतो आणि त्या फुलांची भाजीही केली जाते. संस्कृत ग्रंथांतील ‘कुटज’ तो हाच. भास्कराचार्यांच्या एका प्रसिद्ध उदाहरणात भुंगे याच झाडावर जाऊन बसतात.

३/
भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले विज्जडविड हे आपले नगर, असे ते सांगतात. ते नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

४/
समाजमाध्यमांवर लीलावती भेटते ती बहुधा घटिकापात्रात मोती पडून मुहूर्त टळल्याच्या करुण कथेतून. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातील फैजी याने १५८७ मध्ये लीलावतीचा फारसी अनुवाद केला. ती कथा त्याच्या प्रस्तावनेतून पसरली. ती सहस्र वेळा पुढे पाठवली जाते. ग्रंथात खरोखर असलेली उदाहरणे मात्र कोणी सोडवून पाहत नाही. आपण एक सोडवू.

५/
भुंग्यांचा एक थवा आहे. त्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलावर. या दोन भागांतील अंतराच्या तिप्पट भुंगे कुड्यावर बसले. एक भुंगा तेवढा केतकी आणि मालतीच्या सुगंधांत सापडून आकाशात घुटमळत राहिला. थव्यात भुंगे किती?

आजच्या लिपीत: क्ष/५ + क्ष/३ + ३(क्ष/३ − क्ष/५) + १ = क्ष

अपूर्णांक आणि कंस, दोन्ही एकाच समीकरणात. आठवीच्या विद्यार्थ्याला घाम फोडणारे हेच रूप.

६/
आता पाहा, भास्कराचार्यांकडे कंस नव्हता. त्यांनी शब्दांत सांगितले: आधी त्या दोहोंतील अंतर, मग त्याची तिप्पट. कंसाचा अर्थ एवढाच आहे. ‘त्या दोहोंतील अंतराची तिप्पट’ हे मराठी वाक्य ज्याला कळते, त्याला कंस कळतो. तिप्पट संपूर्ण अंतराची करायची. त्यातील पहिल्याच पदाची तिप्पट करून दुसरे तसेच सोडणे म्हणजे वाक्याचा अर्थच बदलणे.

७/
आधी समच्छेद. पाच आणि तीन यांचा समान छेद पंधरा. कदंबावर पंधरापैकी ३ भाग, शिलींध्रावर ५ भाग, अंतर २ भाग, त्याची तिप्पट ६ भाग. एकूण १४ भाग. उरला पंधरावा भाग, आणि तो म्हणजे घुटमळणारा एक भुंगा. म्हणून थवा १५ चा. ताळा: ३ + ५ + ६ + १ = १५. येथे कोणी बाजू बदलली नाही, कोणाचे चिन्ह पालटले नाही. अंश, छेद, समच्छेद हे शब्दही त्याच परंपरेतून आपल्यापर्यंत आलेले आहेत.

८/
लीलावतीत अशा उदाहरणांसाठी ‘इष्टकर्म’ नावाची रीत आहे. उत्तर म्हणून सोयीची एखादी संख्या धरा. समजा ३० भुंगे. मग कदंबावर ६, शिलींध्रावर १०, कुड्यावर १२, उरले २. प्रत्यक्षात उरला आहे १. म्हणजे आपण दुप्पट धरले होते. खरे उत्तर १५. मनात धरलेली चुकीची संख्याही उत्तराकडे नेते, कारण सगळे भाग एकाच प्रमाणात वाढतात आणि घटतात.

९/
येथे अभिमानाच्या व्यापाऱ्यांना थोडे थांबवले पाहिजे. ही रीत केवळ आपली नव्हे. इजिप्तमधील ऱ्हिंड पपायरस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, इ.स.पू. १५५० च्या सुमारास नकललेल्या गुंडाळीत असेच प्रश्न आहेत: एक राशी आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर राशी किती? तेथेही आधी ७ धरून मग प्रमाण लावले आहे. उत्तर १६ पूर्णांक ५/८. भास्कराचार्यांची थोरवी ‘सर्वांत आधी’ असण्यावर अवलंबून नाही, म्हणून तिचे रक्षण करण्यासाठी खोटे बोलण्याचीही गरज नाही.

१०/
आता मूळ वादाकडे. ‘बीजगणित’ या भागात एकवर्ण समीकरणाचे पहिलेच उदाहरण दोन धनिकांचे आहे. एकाकडे ३०० रूपे आणि सहा घोडे. दुसऱ्याकडे तसेच दहा घोडे, पण डोक्यावर १०० रूपांचे ऋण. दोघांची संपत्ती सारखी. एका घोड्याची किंमत किती?

आजच्या लिपीत: ६क्ष + ३०० = १०क्ष − १००

११/
भास्कराचार्य अव्यक्ताला ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि ‘या’ असे लिहितात. व्यक्त संख्येला ‘रू’. ऋण संख्येच्या डोक्यावर बिंदू. दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडतात. बरोबरीचे चिन्ह नाही. त्यांचा आदेश असा: काढून, घालून, गुणून वा भागून दोन पक्ष तुल्य करा; मग एका पक्षातील अव्यक्त दुसऱ्यातून वजा करा आणि रूपे उलट बाजूने वजा करा. क्रिया दोन्ही पक्षांवर होते. अखेरपर्यंत पक्ष तुल्य राहतात.

१२/
घोड्यांवर ती करून पाहा. दोघांनीही सहा-सहा घोडे विकून टाकले, तरी बरोबरी कायम. पहिल्याकडे ३०० रूपे, दुसऱ्याकडे चार घोडे आणि १०० चे ऋण. आता दोघांनाही १००-१०० रूपे द्या. दुसऱ्याचे ऋण फिटले, पहिल्याकडे ४०० झाले. चार घोडे म्हणजे ४००, एक घोडा १००. ताळा: ६०० + ३०० = ९००; १००० − १०० = ९००.

१३/
मग ते ‘चिन्ह बदलणे’ कोठे गेले? तेही भास्कराचार्यांकडे आहे, परंतु त्याचे स्थान वेगळे आहे. वजाबाकीचा नियम सांगताना ते म्हणतात की जे धन वजा करायचे ते ऋण होते आणि जे ऋण वजा करायचे ते धन होते. चिन्ह बदलते ते वजा केल्यामुळे. १०० चे ऋण काढून घेणे म्हणजे १०० देणे, हे व्यवहार जाणणाऱ्या कोणालाही पटते. बरोबरीचे चिन्ह ही काही जकातचौकी नव्हे, की ती ओलांडताना प्रत्येक पदाने वेष पालटावा.

१४/
बगदादमध्ये इ.स. ८२० च्या सुमारास अल्-ख्वारिज्मी याने जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातील ‘अल्-जब्र’ या शब्दावरून अल्जिब्रा हे नाव आले. जब्र म्हणजे मोडलेले पूर्ववत करणे. जेथे काही उणे आहे तेथे ते भरून काढायचे आणि तेवढेच दुसऱ्या बाजूसही घालायचे. धनिकाचे ऋण फेडताना आपण हेच केले. त्याच्याही आधी आर्यभटाने ४९९ मध्ये आणि ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये हाच गाभा सूत्रांत बांधला होता. परंपरा अनेक, सर्वांच्या मुळाशी तुल्य पक्षांवर तुल्य क्रिया.

१५/
आपली आजची मांडणी मिश्र आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. बरोबरीचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ मध्ये छापले. गोल कंस सोळाव्या शतकातील युरोपीय छापील ग्रंथांतून आला. अज्ञातासाठी वर्णमालेतील शेवटची अक्षरे वापरण्याची रूढी देकार्त याच्या १६३७ च्या ग्रंथाने पक्की केली. कोलब्रुक यांनी १८१७ मध्ये लीलावती आणि बीजगणित इंग्रजीत नेले. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साह्याने हटन यांच्या इंग्रजी ग्रंथांवरून मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली. चिन्हे तिकडची, शब्द इकडचे, अशी ही विद्या घडली.

१६/
चिन्हांनी लेखन आटोपशीर झाले, पण लेखन आटोपले की अर्थ गाळण्याचा मोहही होतो. ‘बाजू बदला, चिन्ह बदला’ हा त्या मोहाचा परिपाक. सोप्या समीकरणात तो खपून जातो. अपूर्णांक येताच उघडा पडतो. उदाहरणार्थ:

क्ष/५ + ३ = ७

‘खालचा ५ पलीकडे वर जातो’ असे घोकलेला विद्यार्थी लिहितो: क्ष + ३ = ३५, म्हणून क्ष = ३२. ताळा करा: ३२/५ + ३ म्हणजे ९.४. सात नव्हे. पाचाने गुणायचे तर संपूर्ण पक्षाला गुणा: क्ष + १५ = ३५, क्ष = २०. भास्कराचार्यांचा शब्द ‘पक्ष’ आहे. पक्षाला गुणा म्हटल्यावर तीन सुटून कसा जाईल?

१७/
दुसरे, अधिक घातक:

क्ष/२ − (क्ष − ३)/३ = ४

दोन्ही पक्षांना ६ ने गुणले: ३क्ष − २(क्ष − ३) = २४. घोकलेला विद्यार्थी ३क्ष − २क्ष − ६ = २४ लिहून ३० वर पोहोचतो. ताळा: १५ − ९ = ६. चूक. ‘तीनने कमी असलेला क्ष’ दोनदा काढायचा होता. आपण पुरा क्ष दोनदा काढला, म्हणजे सहा अधिक काढले गेले. ते परत द्या: ३क्ष − २क्ष + ६ = २४, क्ष = १८. ताळा: ९ − ५ = ४.

१८/
प्रश्नात कंस छापलेला नसता आणि केवळ आडव्या रेघेवर ‘क्ष − ३’ असते, तरी अर्थ तोच राहिला असता. अपूर्णांकाची रेघ स्वतःच कंसाचे काम करते. युरोपातही कंस रूढ होण्यापूर्वी आणि नंतरही पदांवर आडवी रेघ ओढून त्यांना एकत्र बांधण्याची पद्धत होती. भास्कराचार्यांच्या लेखनात तर अंश वर, छेद खाली, मध्ये रेघच नसे. चिन्ह कोणतेही असो, ‘एवढे सारे मिळून एक’ हा अर्थ वाचता आला पाहिजे.

१९/
“पण युक्तीने वेळ वाचतो, परीक्षेत गुण मिळतात,” हा नेहमीचा बचाव. ज्याला कारण ठाऊक आहे त्याने युक्ती खुशाल वापरावी. त्याला ती विसरली तरी पुन्हा उभी करता येते. कारणाविना युक्ती देणे मात्र भास्कराचार्यांनाच अमान्य होते. गोलाध्यायात ते बजावतात की उपपत्तीवाचून गणकाला विद्वानांच्या सभेत प्रतिष्ठा लाभत नाही आणि त्याचे स्वतःचे संशयही फिटत नाहीत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली, तीही रीतींच्या उपपत्ती देण्यासाठीच ख्यात आहे. ‘का’ विचारणे ही आपल्याकडे आयात झालेली खोड नव्हे.

२०/
आता या विद्येच्या खर्चाचा हिशोब. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्या मठाला दान दिले. लेख संस्कृत, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे.

२१/
त्या मराठी भागात दानाचा तपशील आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील जो हिस्सा राजाकडे जाई तो मठाला. ग्राहकांकडून पोफळे. आणि जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे एक पळी तेल. राजाचे गुण संस्कृतात, तेल्याचे तेल मराठीत. सह्याद्रीच्या कुशीत बीजगणित शिकवले जात होते ते घाणा चालवणाऱ्याच्या आणि बाजारहाट करणाऱ्याच्या पैशावर.

२२/
त्या तेल्याचे मूल मठात शिकत होते काय? संस्कृत शास्त्रांची ती विद्या तेल्याच्या, वारल्याच्या वा कोकण्याच्या मुलासाठी खुली नव्हती, हे सांगायला वेगळा शिलालेख नको. १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हेच गाऱ्हाणे मांडले: महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या थरांना मिळतो. पाटणच्या पळीभर तेलापासून फुल्यांच्या निवेदनापर्यंत पावणेसातशे वर्षे गेली, आणि प्रश्न तोच राहिला.

२३/
आज शाळेचे दार उघडे आहे, परंतु दारातून आत आलेल्या मुलाच्या हाती काय पडते? समजा, हरसूल परिसरातील आश्रमशाळेत एक मुलगी आठवीत आहे. घरी कोकणा वा वारली बोली, पुस्तकात प्रमाण मराठी, फळ्यावर कंस आणि छेद. शहरातील मुलाला शिकवणीवर्गात तीच युक्ती शंभर वेळा घोटून घेता येते. हिला ती सोय नाही. युक्ती विसरली की हिच्याजवळ काही उरत नाही. कारण समजले असेल, तर रानात एकटी बसूनही ती समीकरण सोडवील. म्हणून उपपत्ती ही श्रीमंतांच्या मुलांसाठी राखलेली चैन नव्हे. तिची सर्वाधिक निकड हिला आहे.

२४/
आणि जे म्हणतात, “या मुलांना बीजगणित हवे कशाला, हिशोब आला म्हणजे पुरे,” त्यांना विचारावे की भास्कराचार्यांनी घोडे, भुंगे, यात्रेकरू आणि व्यापारी ही उदाहरणे कोणाच्या जीवनातून घेतली? लीलावतीतील यात्रेकरू प्रयागला धनाचे अर्धे देतो, काशीला उरलेल्याचे २/९, जकातीत उरलेल्याचा चौथा भाग, गयेला उरलेल्याचे ६/१०, आणि ६३ निष्क घेऊन घरी परततो. मुळात ५४० निष्क होते. उरलेल्याचा भाग, त्यातून उरलेल्याचा भाग: कर्जाचा हप्ता समजायलाही हीच विद्या लागते. जिला ती येते, तिला सावकाराने मांडलेला आकडा तपासता येतो. ती कोणाला द्यावी आणि कोणाला नाही, हे ठरवणारे आपण कोण?

२५/
तेव्हा मित्रहो, मागणी तीन गोष्टींची. एक: ‘बाजू बदल’ हा शब्द पहिल्या दिवशी वर्गात येऊ नये, ‘दोन्ही पक्षांवर तीच क्रिया’ हा यावा. दोन: कंस आधी वाक्यात शिकवावा, मुलांच्या बोलीतल्या वाक्यात, आणि मग चिन्हात. तीन: प्रत्येक उत्तरासोबत ताळा सक्तीचा असावा, कारण ताळा करणाऱ्या मुलाला बरोबर-चूक ठरवण्यासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. शासनादेशाची वाट न पाहता तुम्ही हे धाकट्या भावंडांपासून सुरू करू शकता.

२६/
भास्कराचार्य उदाहरण देऊन वाचकालाच उत्तर विचारीत. तोच पायंडा पाळून एक प्रश्न. हरसूलकडच्या एका घरात नागली आली. तिचा तिसरा भाग घरी खाण्यासाठी ठेवला, चौथा भाग बाजारात विकला, या दोन भागांतील अंतराच्या दुप्पट बियाण्यासाठी काढली, आणि कणगीत सहा पायली उरली. एकूण नागली किती पायली? उत्तर खाली लिहा, सोबत ताळाही लिहा. आणि ‘पलीकडे नेले’ हे शब्द न वापरता लिहा.